राहून गेलेल्या प्रवासाची हळहळ खरी, की घरबसल्या केलेली चैन?

गिरगावकर मालवणी
आमचं गाव मालवण, राहणं गिरगावात. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' ही नावं मला मामा-काकांसारखी पाठ होती. पण मी त्या बोटीत एकदाही बसलो नाही. बाबांना बोट लागायची, म्हणून दर मे महिन्यात एस.टी. मी हट्ट करायचो, ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." ऐंशीचं दशक सरता सरता बोटच बंद झाली. पुढे १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीचं कुणाला काही वाटेनासं झालं.

"जागा कुठे पळून जाते का?" असं म्हणतात. जागा नाही पळत, पण जायचं साधन बंद होतं, बरोबरचं माणूस जातं, गुडघे बोलायला लागतात. म्हणून माझं मत, थोडी ओढाताण करून का होईना, जाऊन यावं. रजा शिल्लक ठेवून निवृत्त होणाऱ्यांची मला कीव येते. पटतंय का?

काटकसरे
अजिबात नाही. "थोडी ओढाताण" हे शब्द लिहायला सोपे आहेत. आमच्या ऑफिसात एकाने हप्त्यावर थायलंड केलं. फोटो जुने झाले, हप्ते चालूच. माझ्या वडिलांनी आयुष्यात पंढरपूर आणि तुळजापूर सोडून काही पाहिलं नाही, त्या रजेच्या पैशात माझी इंजिनियरिंगची फी भरली. त्यांची कीव करायची?

आणि एक प्रश्न. २०१८ मध्ये मुंबई–गोवा 'आंग्रिया' ही क्रूझ बोट सुरू झाली होती. २०२० मध्ये कोरोनात बंद पडेपर्यंत ती चालत होती. तेव्हा आपण कुठे होतात?

गिरगावकर मालवणी
पकडलंत. तिकीट काढायला बसलो होतो, खोटं नाही सांगत. मग पाहिलं, बोटीवर पोहायचा तलाव आहे आणि बोट मालवणला थांबत नाही. मला मालवणात उतरायचं होतं हो.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
तुम्ही सगळे बोटीला फार गोड करून ठेवलंय. मी गेले आहे, १९६६ साली, नऊ वर्षांची असताना. आम्ही डेकवाले. वळकटी पसरून जागा धरायची, तीसुद्धा वाऱ्याच्या आडोशाला मिळाली तर नशीब. रत्नागिरीच्या पुढे माझी आई आडवी झाली ती झालीच. लिंबू हुंगून काही होत नाही, हे मी त्या रात्री शिकले. आजूबाजूला ओकाऱ्या, इंजिनाचा तेलकट वास, आणि कुणाच्या तरी पाटीत कोंबड्या.

पुढचं ऐका. आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राहायची. खालून पडाव, म्हणजे छोटी होडी, यायची. लाटेने पडाव वर आला, की खलाशी ओरडायचा, "आता!" आणि माणसाला खाली सोडायचा. चुकलं की लाट खाली गेली, पुन्हा थांबा. माझ्या आईने डोळे मिटून देवाचं नाव घेत उडी टाकली. पावसाळ्यात तर बोट बंदच, मग घाटाने वळसा. रेल्वे आली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. न केलेला प्रवास छानच असतो, त्यात कुणाला बोट लागत नाही.

वऱ्हाडी पाहुणा
काकू, तुमचं खरं, पण मी तं गिरगावकरांच्या बाजूनं. आमच्याकडं शकुंतला होती. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, अडीच फुटी रूळ, कापूस न्यायसाठी इंग्रज कंपनीनं टाकलेले. तिचं मँचेस्टरचं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, म्हणजे मी बारावीत होतो तोवर. घरापासून शिटी ऐकू याची. गाडी इतकी सावकाश की आम्ही तिले हसत होतो, "उतरून कापसाच्या पराटीत जाऊन या, गाडी सापडते." हसण्यातच राहिलो ना भाऊ. आता डिझेलवालीही बंद, रुळावर बाभळी. थायलंडले पैसे लागते, हिले काय लागत होतं? काटकसरे साहेब, पैशाचा मुद्दा इथं लागू होत नाई.

काटकसरे
मग ती हळहळ पैशाची नाही, आळसाची. दाराशी होती तेव्हा तुम्हालाच नको होती.

सत्तरीपार
आळस म्हणता, तर माझी गोष्ट घ्या. २०१९ ला कैलास-मानससरोवरसाठी सोडतीत नाव लागलं. वय ६५, प्रकृती ठणठणीत, रोज पर्वती चढत होतो. त्याच महिन्यात लेकीचं बाळंतपण आलं, हिला एकटीला झेपलं नसतं. म्हटलं, पुढच्या वर्षी. २०२० पासून यात्रा बंद. २०२५ ला पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी सत्तरी ओलांडली होती आणि सरकारी यात्रेची वयाची मर्यादा सत्तर. यात आळस कुठे आहे?

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
नातू की नात?

सत्तरीपार
नात. सहा वर्षांची झाली. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा तिच्याच जन्माला थांबेन. पण म्हणून हळहळ जात नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, हे इथे कुणी मानायला तयार दिसत नाही. काटकसरे, तुमच्या वडिलांना कधी विचारलंत, त्यांना कुठे जायचं होतं?

काटकसरे
नाही विचारलं.

(थोड्या वेळाने) आत्ता फोन केला. म्हणाले, रामेश्वर. कारण काय, तर शाळेच्या पुस्तकात समुद्रातला रेल्वेपूल पाहिला होता. तो १९१४ चा जुना पूल आता बंद आहे, शेजारी नवा बांधलाय, २०२५ पासून गाडी त्यावरून जाते. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग नव्यावरून जाऊ, पाणी तेच ना." मत मी बदललेलं नाही. हप्त्यावर जाणार नाही. पण रामेश्वरची चौकशी करतोय, कुणी हल्ली जाऊन आलं असेल तर राहायचं कळवा.

गिरगावकर मालवणी
वडिलांना खिडकीची जागा द्या, बाकी काही नाही.

काकू, एक राहिलं. पडावात आधी सामान उतरायचं की माणूस?

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
माणूस. ट्रंक मागाहून दोरीने. आमची एक अर्ध्यावर निसटली, तिच्यात माझा नवा परकर-पोलका होता. मावशीच्या लग्नात मी जुन्या फ्रॉकवर मिरवले.