संक्रांतीचं वाण : ६० जणींसाठी प्लॅस्टिक टाळून काय घ्यावं?

अवनी_ठाणे
रथसप्तमीच्या आधी सोसायटीचं हळदीकुंकू आहे. ६० जणी, वाणाला प्रत्येकी ६० रुपयांपर्यंत. प्लॅस्टिकचे डबे नि गाळण्या नकोत, एवढं ठरलंय. यादीत सध्या कापडी पिशवी, बांबूचा टूथब्रश, बियांचा कागद आणि बांबूची परडी आहे. दुकानात सगळ्यावरच 'इको-फ्रेंडली' छापलेलं असतं. खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि पिशव्या शिवून घेतल्या तर कापड किती लागेल?

सुईदोरा
आधी तयार पिशव्यांबद्दल. 'कापडी' म्हणून विकली जाणारी, ठिपक्या-ठिपक्यांची दाबलेली पिशवी म्हणजे नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. ते प्लॅस्टिकच. ६० जीएसएमपेक्षा (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) हलक्या अशा पिशव्यांवर देशभर बंदीही आहे. शंका असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. प्लॅस्टिक वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. मिश्र कापडात राखेतच बारीक गोळ्या सापडतात.

शिवून घेणार असाल तर ४४ इंच पन्ह्याचा कोरा मांजरपाट घ्या. कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. त्यातली खळ निघते आणि कापड आटतं. पन्हा ४२ इंचच धरा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात पिशवी वेडीवाकडी होते.

एका पिशवीला १४ × ३३ इंचांचा तुकडा, खाली दुमड. बंदांना २१ × ३ इंचांच्या दोन पट्ट्या, चौपदरी दुमडून. पन्ह्यात तीन तुकडे बसतात, म्हणजे तीन पिशव्यांना ३३ अधिक बंदांचे ९, असं ४२ इंच लांब कापड. ६० पिशव्यांचे जवळपास साडेएकवीस मीटर होतात. आटण्याचं धरून २३ आणा, शिंपी घाईतला असेल तर २४.

पिशवी फाटते ती बहुतेक बंदाच्या मुळाशी. बंद वरच्या दुमडीत दीड इंच आत घालून चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारायला सांगा. नुसत्या दोन आडव्या टिपा पाच किलो कांद्यांना पुरत नाहीत.

वेळूबन
टूथब्रशची दांडी बांबूची असली तरी केस बहुधा नायलॉनचेच असतात. वाईट काही नाही, पण टाकताना केस पकडीने उपटूनच दांडी खतात घालावी लागते. ६० पैकी किती जणी ते करतील?

'बांबू फायबर'चे रंगीत मग आणि ताटल्या मात्र घेऊच नका. बांबूची भुकटी मेलामाइनच्या, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकच्या, राळेत बसवलेली असते. गरम चहाने त्यातून फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन सुटू शकतं, आणि वस्तू कुजतही नाही.

परडी चांगली, पण भुंगा बघून घ्या. बांबूतल्या पिठूळ अंशासाठी तो पोखरतो. काळ्या कागदावर परडी आपटा. पिवळसर पांढरी भुकटी पडली किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली की ती बाजूला. ओलसर, हिरवट परडी पिशवीत बांधून ठेवली तर बुरशी धरते, म्हणून आणल्यावर दोन-तीन दिवस ऊन द्या. गडद गुलाबी-हिरव्या रंगाच्या घेऊ नका, ओल्या फडक्याला रंग लागतो. पुण्याजवळ असाल तर थेट बुरूड आळीत जा. आगाऊ सांगितलं तर एकाच मापाच्या ६० करून मिळतात. मुंबईकडे महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचतगट भेटतात. तारखा दर वर्षी बदलतात, बघून ठेवा.

परसबाग
बियांचा कागद दिसायला छान, उगवायला बेभरवशाचा. कागद जाड असला तर बी कुजतं. शिवाय आत नेमकं कोणतं आणि किती जुनं बी आहे ते कळत नाही.

त्याऐवजी खाकी कागदाच्या पुडीत भेंडीच्या १० बिया द्या. जानेवारी-फेब्रुवारी हा उन्हाळी भेंडी-गवारीचा काळच आहे. एका ग्रॅममध्ये साधारण १५ बिया येतात, म्हणजे ५० ग्रॅमच्या पाकिटात ६० पुड्या होतात. पाकिटावर मुदत आणि उगवण टक्केवारी बघा. पुडीवर लिहा : रात्रभर भिजवा, एक-दीड सेंटिमीटर खोल, १२ इंची कुंडी, पूर्ण ऊन.

बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. तसलं बी तिळगुळाच्या ताटात ठेवायचं नाही, घरात लहान मुलं असतात. बिनप्रक्रियेचंच मागा.

चौकटराणी
सुईदोरा, हिशोब चोख आहे, पण मोठ्या पिशव्या प्रत्येकीच्या दारामागे आधीच दहा लटकलेल्या असतात. अकरावीही तिथेच जाईल, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या वाणात दिसेल. कापूस पिकवायला पाणी लागतं. न वापरलेली सुती पिशवी काही पर्यावरणाचं भलं करत नाही.

घरात नसतात त्या भाजीच्या लहान पिशव्या. मऊ सुती साडी ११ × २८ इंचांच्या तुकड्यांत कापा. साडेपाच मीटरच्या साडीत २८ तुकडे बसतात, विरलेला भाग वगळून वीस-बावीस तरी हाती लागतात. तीन साड्यांत काम होतं. वर दुमड, आत सुती नाडी. कोथिंबीर-पालकाला पिशवी किंचित ओली करून फ्रिजमध्ये ठेवायची. वाणाला जुनं कापड चालत नाही म्हणणारं घरात कोणी असेल, तर कोरं मलमल घ्या.

तिळगुळासाठी पळसाचे द्रोण. मशीनवर दाबलेल्या द्रोणांत कधीकधी आतून पातळ फिल्म असते. एक द्रोण गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पापुद्रा सुटला तर बाकीचे परत करा. चमकीचा गिफ्ट पेपरही नको. मुठीत चुरगळून सोडा, आपोआप उलगडला तर ते प्लॅस्टिक.

अवनी_ठाणे
मग भाजीची पिशवी आणि आत भेंडीची पुडी, असं करते. मलमलचे कडेचे दोरे सुटतात, शिंपी इंटरलॉकचे (कडेचे दोरे गुंफून टाकणाऱ्या मशीन-शिलाईचे) वेगळे पैसे मागतोय. दुसरा उपाय?

सुईदोरा
इंटरलॉक नको. सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर एक टीप, दोरे छाटा, पिशवी उलटवा, मग पाऊण सुतानं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त घेऊन आतून दुसरी टीप. कड दोन शिवणींच्या मध्ये बंद होते. मलमलला ११ नंबरची सुई लावायला सांगा, जाड सुईनं भोकं पडतात. नाडीचं तोंड आधी ठेवून मगच कडा शिवायच्या, नाहीतर नाडी ओवायला उसवावं लागेल.