घरच्यांसाठी मोटरबोट: आउटबोर्ड घ्यावी की स्टर्नड्राइव्ह? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवबागला माझी सासरवाडी. मागच्या दारी कर्लीची खाडी, त्यामुळं कोल्हापूरहून फोंडा घाट उतरला की आमची सुट्टी पाण्यातच जाते. धाकटा भाऊ आणि मी मिळून एक सेकंडहँड मोटरबोट घेतोय. वापर निव्वळ घरचा: आई, दोन्ही जोडपी आणि तीन पोरं. खाडीत फिरायचं, संगमापर्यंत जायचं, समुद्र अगदीच शांत असला तर थोडं बाहेर. पावसाळ्यात बोट शेडमध्ये.

गोव्यात दोन बघून आलो. दोन्ही 19 फुटी, फायबरच्या, पुढं नाळेतही बसायची सोय असलेल्या. किमतीतही फार तफावत नाही. पहिलीला मागं बाहेरून टांगलेलं 115 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. दुसरीला आत बसवलेलं मर्क्रूझरचं 3 लिटरचं पेट्रोल इंजिन, 135 हॉर्सपॉवर, आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) पाय तेवढा बाहेर, म्हणजे स्टर्नड्राइव्ह.

माझा कल पहिलीकडं. पाणी खारं आहे. आउटबोर्ड काम झालं की वर उचलून अख्खं पाण्याबाहेर काढता येतं, नळाची पाइप लावून गोड्या पाण्यानं आतून धुतलं की झालं. स्टर्नड्राइव्हचा पाय वर घेतला तरी पुरता बाहेर येत नाही. शिवाय पाय बोटीला जोडतो तिथं रबराचे बेलो, म्हणजे घडीच्या नळ्या असतात, त्या फाटल्या की पाणी थेट बोटीत. मालवण-तारकर्लीकडं जिकडंतिकडं आउटबोर्डच, त्यामुळं त्याचा मिस्त्रीही हाताशी.

भाऊ मात्र दुसरीवर अडून बसलाय. उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप आहे. म्हणतो, हे मुळात जनरल मोटर्सचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यात काय एवढं, आणा टेबलावर. त्याच्या हाताबद्दल शंका नाही. पण बंद पेटीत पेट्रोलची वाफ साचते, म्हणून स्टार्टर मारायच्या आधी ती वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा असतो. स्टार्टर-अल्टरनेटरही ठिणगी बाहेर न पडणारे, बोटीसाठीचेच लागतात. गाडीचे दिसायला तसेच आणि स्वस्त. उद्यमनगरच्या माणसाला तो मोह आवरणं अवघड! (भाऊ हे वाचणार आहे. वाचू दे.)

आता खरी अडचण. आईचे गुडघे दुखतात. दुसऱ्या बोटीला मागं पूर्ण रुंदीची फळी आहे, जवळजवळ पाण्याला टेकलेली. साडी सावरत तिच्यावर बसायचं, वळायचं आणि पाय आत घ्यायचे. पहिलीला मधोमध इंजिन, बाजूला वीतभर जागा आणि शिडी. नाहीतर काठावरून टांग टाकायची. बायकोनं या एका कारणावरून दुसरीला मत दिलंय. पोरं पोहून वर येताना पंखा फळीखाली झाकलेला राहतो, हेही तिचंच म्हणणं. माझ्या मते कुणीही पाण्यात असलं की इंजिन बंदच हवं, तिथं फळीचा भरवसा नको.

तर विचारायचं असं, की आउटबोर्डवाल्या बोटीला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना फळ्या मागाहून बसवून घेतल्यात का कुणी? वयस्कर माणूस बिनधास्त पाय ठेवेल एवढ्या भक्कम होतात, की नुसत्या नावाला? आणि खाऱ्या पाण्यात स्टर्नड्राइव्हचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) आतून गंजतं, ते खोलून दाखवा म्हटलं तर विकणारा तयार होतो का? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आम्हीच मोजून घेऊ.

पूर्ण वेगात तासाला 35-40 लिटर पेट्रोल जातं हे माहीत आहे, आम्ही निवांत चालवणारी माणसं. ‘त्यापेक्षा रंकाळ्यावर जावा’ हा सल्ला घरातूनच मिळालाय, तो सोडून काहीही सांगा. मे महिन्याआधी व्यवहार उरकायचाय.