मदत हवी आहे: टाइप-सी फोनला ३.५ मिमीचा कॉलर माइक जोडायला कोणता कनेक्टर?

नमस्कार मंडळी. नव्या फोनला हेडफोनची जागा नाही, फक्त टाइप-सी आहे. वायरचा इअरफोन आणि कॉलर माइक दोन्ही चालवायचे आहेत. सोलापूरच्या नवी पेठेत स्वस्त कनेक्टर मिळतात, पण साध्या कनेक्टरमध्ये डॅक चिप (फोनचा डिजिटल आवाज इअरफोनला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग आवाजात बदलणारी) नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात. फोन स्वतः टाइप-सीमधून अ‍ॅनालॉग आवाज देत असेल तरच ते चालतात. हा फोन देत नाही, म्हणून डॅकवालाच लागणार.

खरी अडचण माइकची. डॅक असूनही काही कनेक्टर फक्त ऐकवतात, माइकचा आवाज आत घेत नाहीत. माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा आहेत, म्हणजे चार कप्पे; जोडणी सीटीआयए (कोणत्या कप्प्यात माइकची तार, याची एक ठरलेली मांडणी) आहे. फोनमधलं ओटीजी (बाहेरचं उपकरण जोडू देणारं सेटिंग) सुरू आहे. पोर्टमधला कचराही लाकडी काडीने, फोन बंद करून काढला आहे (टाचणी घालू नका, आतल्या पिना वाकतात).

सोलापुरात कनेक्टर लावून, रेकॉर्डिंग करून बघू देणारं दुकान कोणतं? आणि चार्जिंग चालू ठेवून माइकही चालेल असा दोन तोंडांचा डॅक कोणी वापरलाय का? कनेक्टरसोबत फोनचं मॉडेलही सांगा, कारण एकच डॅक एका फोनला चालतो, दुसऱ्याला नाही.