मदत हवी आहे: बघ्या मुलांना बोलतं कसं करायचं?

सहावीला शिकवते. वर्गातल्या एका मुलाच्या तोतरेपणाची नक्कल करून दोघंतिघं त्याला छळतात. त्यांना समज दिलीय, पण मला खरी काळजी बाकीच्यांची आहे. परवा त्याचं दप्तर ढकललं तेव्हा सगळे वहीत डोकं घालून बसले. एकीने फक्त त्याची पेन्सिल गुपचूप उचलून दिली. (मला तर तेही धाडसच वाटलं.)

२००७ साली कॅनडात गुलाबी शर्टावरून एका मुलाला त्रास झाला, तेव्हा वरच्या वर्गातल्या दोघांनी गुलाबी शर्ट आणून शाळाभर वाटले, ही गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या, मधल्या सुट्टीत पुन्हा तेच!

भाषण नकोय. नाटुकलं, खेळ, असं काही कुणी करून पाहिलंय का? आणि मध्ये पडणाऱ्यावरच डूख धरला जाऊ नये म्हणून काय करता?