उत्तर: मॅसी ३५ च्या इंजिनचे बोल्ट

मॅसी ३५ ट्रॅक्टरच्या इंजिनात आठ एमएमचा (एम८) बोल्ट दोन आटे जाऊन अडकला म्हणताय, म्हणजे भोक अडीच सुताचं, म्हणजे ५/१६ इंचाचं आहे. पुढे जोर लावू नका, बिडाचे (ओतीव लोखंडाचे) आटे सोलून निघतील. जुन्या मॅसी ३५ चं तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन इंची आट्यांचं. ५/१६ चा व्यास ७.९४ एमएम, म्हणून आठचा बोल्ट सुरुवातीला फसवतो. पण यूएनसीला (इंची जाड आट्यांचा प्रकार) इंचात १८ आटे आणि एम८ ला साधारण २०.

पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून मगच दुकानात जा. स्टडला (दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट) बहुधा ब्लॉककडे जाड आटे (यूएनसी) आणि नटकडे बारीक (यूएनएफ) असतात, त्यामुळे दोन्ही टोकं मोजा. ‘अडीच सूत’ एवढंच सांगितलंत तर दुकानदार व्हिटवर्थही (जुन्या ब्रिटिश इंची आट्यांचा बोल्ट) देईल. तोही १८ आट्यांचाच, पण कोन ५५ अंशांचा, यूएनसीचा ६०. बसल्यासारखा वाटतो, घट्ट मात्र नीट होत नाही.

बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५ ची ताकद, एमएमच्या बोल्टमधल्या ८.८ ग्रेडच्या साधारण तोडीची. कोऱ्या डोक्याचा इंजिनवर नकोच. लांबीही जुळवा, जास्त झाली तर बोल्ट बंद भोकाच्या तळाला टेकतो आणि बीड तडकतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) पितळी नट घ्या, गंजून जाम होत नाहीत.