मदत हवी आहे: घरी केलेलं माक्याचं तेल तीन आठवड्यांत बिघडलं, नेमकं कुठे चुकलं?

रानजाई:
कृती जशी केली तशीच देते, म्हणजे चूक पकडता येईल.

घाण्याचं खोबरेल अर्धा लिटर, माक्याची एक जुडी, जास्वंदीची बारा फुलं, दोन मुठी कढीपत्ता, मूठभर ब्राह्मी आणि रात्री भिजवलेल्या दोन चमचे मेथ्या. सगळं थोडं पाणी घालून मिक्सरला वाटलं आणि तापलेल्या तेलात सोडलं. लोखंडी कढई, मंद आच, वीस मिनिटं. तेलाला सुरेख हिरवा रंग आला तेव्हा गॅस बंद केला, फडक्यातून घट्ट पिळून गाळलं आणि खोबरेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलं.

आता तळाशी पांढुरका थर दिसतोय, वास आंबूस येतोय, आणि वाटीत कोमट करायला ठेवलं की तडतडतं. गाळून, पुन्हा उकळून वापरता येईल का? शिवाय हे तेल लावल्यावर दोनदा शांपू करूनही केस चिकट राहतात. तेल बिघडल्यामुळे, की लावण्यात काही चुकतंय?

गवतीचहा:
आधी तो थर कशाचा ते बघा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे सकाळच्या गारव्यात तळाशी दिसणारं पांढरं नुसतं थिजलेलं तेलही असू शकतं. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा, मग उजेडात धरून हळूच तिरकी करा. सगळं वितळून स्वच्छ झालं तर काळजी नाही. तळाशी वेगळे थेंब घरंगळताना दिसले तर ते पाणी. कापसाच्या तंतूंसारखं काही तरंगलं तर बुरशी.

पण तडतडतंय म्हणताय, म्हणजे पाणी आहेच.

तेलपाक:
गवतीचहा म्हणतात तेच. चूक एकच आहे, बाकीच्या तिच्या पोटातल्या: पाणी आटायच्या आधी तेल उतरवलं.

ताज्या पाल्यात बहुतांश पाणीच असतं, त्यात वाटताना आणखी घातलं. जोवर ते पाणी कढईत आहे तोवर वाटण शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतं, आच कितीही असो. वीस मिनिटांत येणारा हिरवा रंग फसवा. हरितद्रव्य तेलात पटकन उतरतं, पण त्यावरून पाणी गेलं की नाही हे कळत नाही. उलट पुरत्या शिजलेल्या तेलाचा रंग पोपटी राहतच नाही, मळकट शेवाळी होतो.

आयुर्वेदातल्या शार्ङ्गधराचं प्रमाण असं: कल्क (म्हणजे पाल्याचं वाटण) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. घरच्या गॅसवर सोळा भाग आटवणं म्हणजे दिवस घालवणं. अर्धा लिटर तेलाला सव्वाशे ग्रॅम कल्क आणि अर्धा लिटर माक्याचा गाळलेला रस घेतला तरी काम चालतं. तेवढ्या रसाला साधारण किलोभर पाला लागतो, एका जुडीत भागत नाही.

कल्क आणि रस गार तेलातच घाला. तापलेल्या तेलात ओलं वाटण सोडलं की अंगावर उडतं. पातेलं मोठं घ्या. सगळं मिळून ते अर्ध्याच्या वर भरता कामा नये, कारण शेवटी फेस चढतो. मग मंद आचेवर दीड-दोन तास. सुरुवातीला मोठे बुडबुडे आणि वाफ. पाऊण भाग आटलं की कल्क चिखलासारखा होऊन बुडाला धरू लागतो. इथून पुढे हात सोडायचा नाही, उलथन्याने बूड खरवडत राहायचं. तेल बहुतेक वेळा याच टप्प्यावर करपतं.

शेवटची परीक्षा वातीची. बुडातला चिमूटभर कल्क काढा, जरा निवू द्या, दोन बोटांत वळा. बोटाला चिकटला आणि वात झाली नाही, तर अजून कच्चा. न चिकटता वात वळली तर ती चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. चट्‌चट् आवाज आला तर पाणी शिल्लक. गुपचूप जळली तर झालं. त्याच सुमाराला तेलावर बारीक फेस येतो (तुपाचं उलटं, तिथे फेस बसतो). लगेच उतरवून दुसऱ्या कोरड्या भांड्यात ओता, कारण जाड बुडाच्या पातेल्यात तेल पुढेही शिजत राहतं. कल्क कोळशासारखा काळा होऊन जळका वास आला, तर ते तेल गेलं.

गाळताना घट्ट पिळू नका. कल्क कच्चा असेल तर त्यातलं उरलंसुरलं पाणी तुम्ही हाताने तेलात ढकलता. दुहेरी मलमलीतून आपसूक गळू द्या, रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं ओतून घ्या. तळाचे दोन चमचे सोडून द्यायचे.

कल्हई:
लोखंडी कढईबद्दल कुणीच बोललं नाही. लोखंड आणि तांबं दोन्हींमुळे तेल लवकर खवट होतं. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा कल्हईचं पितळी भांडं घ्या.

अनवट:
@कल्हई, माक्याचं तेल लोखंडी कढईतच करायचं असं सगळीकडे ऐकलंय. त्याशिवाय काळा रंग येत नाही म्हणतात.

कल्हई:
रंग येतो, पण तो वनस्पतीतल्या तुरट द्रव्याचा आणि लोखंडाचा. शाईसारखा, पाण्यात राहणारा. त्यातला बराचसा कल्कातच जातो, केसांना लागत नाही. पूर्वी तेल थोडं करत आणि महिनाभरात संपवत, म्हणून चालून जायचं. सहा महिने टिकवायचं असेल तर नको.

आणि बाटली काचेची, गडद रंगाची. हिरव्या तेलातलं हरितद्रव्य उजेडात तेल नासवायला मदतच करतं. उकळत्या पाण्याने धुऊन ठणठणीत वाळवायची. ओला हात, ओला चमचा आत जाता कामा नये.

गवतीचहा:
घटकांबद्दल थोडं. मेथ्या आणि जास्वंद या पाककृतीत का असतात हे मला कधी कळलेलं नाही. दोन्हींचा गुण त्यांच्या बुळबुळीत चिकात, आणि तो चीक पाण्यात उतरतो, तेलात नाही. वर तोच पाणी धरून ठेवतो आणि बुडाला आधी लागतो. म्हणजे तेल बिघडवायचं काम तेवढं नेमकं करतात. त्या वाटून न्हाण्याआधी वीस मिनिटं केसांना थेट लावा, केस मऊ होतील.

माका ओळखून घ्या. फूल पांढरं आणि बारीक असतं. देठ चुरडून बोटावर घासला की थोड्या वेळात डाग काळपट पडतो. पिवळ्या फुलाचा मिळतो तो वेगळा. ब्राह्मी म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा गोल पानाची मंडूकपर्णीच विकतात. तेलाला ती चालते, पण जाडसर, बारीक पानांची बाकोपा ती नव्हे.

पहिल्यांदाच करणार असाल तर ओल्या पाल्याच्या भानगडीत पडूच नका. सावलीत कुडकुडीत वाळवलेला माका पन्नास ग्रॅम, तेल अर्धा लिटर, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात दोन तास. भांड्याला वाफेचं पाणी लागू द्यायचं नाही. पाणीच नाही, म्हणून वातही नको.

तेलपाक:
+१. जाणकार नाक मुरडतील, पण टिकतं.

वासाबद्दल राहिलं होतं. आंबूस म्हणजे पाणी आणि बुरशी. खवट म्हणजे हवा आणि उजेड. खोबरेलात पाणी राहिलं तर कधीकधी साबणासारखा वास येतो, तेही पाण्याचंच काम. खोबरेल तसं उशिरा खवट होतं, तीळही टिकतं. बदाम आणि जवस मात्र थोडंथोडंच आणावं.

सुगरण_नाही:
चिकटपणाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून. किती लावता ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक जास्त होत असणार. खांद्याखालच्या केसांना दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिली, पुरतं. तळहातावर चोळून आधी केसांच्या लांबीला आणि टोकांना, उरलेलं बोटांनी मुळाशी. न्हाण्याआधी तासभर बास. रात्रभर ठेवून कपाळावर फोड येत असतील तर तेही तेलामुळेच.

धुताना केस भिजवायच्या आधी शांपू लावा. थोड्याशा पाण्यात पातळ करून तेलकट केसांवरच चोळा, मग पाणी घ्या. तेल आधी शांपूत मिसळतं आणि एकाच धुण्यात निघतं. शिकेकाई वापरत असाल तर जोडीला रिठा हवा. एरंडेल नुसतं लावू नका, तीन-चार भाग खोबरेलात एक भाग. नुसत्या एरंडेलाने लांब केसांचा कधीकधी असा गठ्ठा होतो की कापावाच लागतो.

२००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना आली होती. धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. म्हणून न्हाण्याआधी लावायचं. केस नवीन उगवतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

अनवट:
कोंडा असेल तर माका घालू की कडुनिंब?

सुगरण_नाही:
दोन्ही नको. पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि खाज असेल, तर तो बहुधा मॅलॅसेझिया या यीस्टचा कोंडा. तेलातली स्निग्धाम्लं हेच तिचं खाणं. तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, म्हणून गेल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना दाखवा. सहसा २ टक्के कीटोकोनाझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा देतात, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा. तोवर तेल बंद.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. बाटली कोमट पाण्यात ठेवून पाहिली. थर वितळला नाही, तळाशी थेंब आहेत आणि त्यावर कापसासारखे तंतू. पुन्हा उकळून काहीच होणार नाही का? जिवावर येतंय. निदान देवापुढच्या दिव्याला?

तेलपाक:
पाणी उडेल, पण बुरशीने तेलात जे करायचं ते करून झालंय, वासही जाणार नाही. डोक्याला लावू नका. आणि दिव्याला घालाल तर आरतीभर तडतडत बसेल. टाकून द्या.