‘प्रॉम नाइट’ (१९८०) : मुखवटाधारी खुनी तासभर हात उचलत नाही, तरीही हा स्लॅशरपट इतका लाडका का?

आडवाटेचा प्रेक्षक यांचा प्रश्न

नमस्कार. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीस उत्तर अमेरिकेत निघालेले स्लॅशरपट, म्हणजे एखादा खुनी एकेकाला गाठून मारत जातो असे भयपट, मी सध्या कालक्रमाने पाहत आहे आणि त्या ओघात पॉल लिंच दिग्दर्शित ‘प्रॉम नाइट’ पाहण्यात आला. पुढील मजकुरात रहस्यभेद आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांना कथानक आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली एका ओसाड इमारतीत चार मुले लपाछपीसारखा, पण बराच क्रूर असा एक खेळ खेळत असतात. रॉबिन हॅमंड ही दहा वर्षांची मुलगी त्यांच्या तावडीत सापडते, चौघे तिला चिडवत मागे मागे रेटतात आणि ती खिडकीतून खाली पडून मरण पावते. चौघे तोंड बंद ठेवण्याची शपथ घेतात आणि पोलीस एका लैंगिक गुन्हेगाराला दोषी धरून मोकळे होतात. सहा वर्षांनी शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभाचा, म्हणजे प्रॉमचा, दिवस उजाडतो आणि त्या चौघांपैकी एकेकाला घोगऱ्या आवाजात फोन येऊ लागतात. रॉबिनची थोरली बहीण किम, म्हणजे जेमी ली कर्टिस, त्या रात्रीची राणी ठरलेली असते आणि तिचा जोडीदार, म्हणजे त्या रात्रीचा राजा, निक हा नेमका त्या चौघांतलाच एक असतो.

इतकी पक्की पायाभरणी झाल्यावर दिग्दर्शक आपल्याला तासभर शाळेतले हेवेदावे, प्रेमप्रकरणे आणि नाच दाखवत बसतो. चित्रपट जेमतेम दीड तासाचा असताना ही उधळपट्टी मला समजली नाही. शिवाय डिस्कोची गाणी सतत ओळखीची वाटत होती, पण त्यांतले एकही मला नेमके ओळखता आले नाही. आणि १९८० च्या जुलैमध्ये, म्हणजे डिस्कोची सद्दी संपत आली असताना, पडद्यावर एवढा डिस्को दाखवणे तेव्हाच शिळे वाटले नसेल का? या चित्रपटावर आजही जीव टाकणारे बरेच लोक आहेत. त्यांना त्यात काय दिसते ते जाणून घ्यायचे आहे.

तबकडी यांचे उत्तर

गाण्यांबद्दल आपला कान अगदी बरोबर आहे. संगीतकार पॉल झाझा यांनी नंतर सांगितलेली हकिगत अशी की, नृत्याची दृश्ये डॉना समर, पॅटी लाबेल यांसारख्या गायिकांच्या त्या काळच्या गाजलेल्या गाण्यांवर चित्रित झाली होती. नाचणाऱ्यांची पावले त्या ठेक्यावर पडली, संकलनही त्याच लयीत झाले आणि मग लक्षात आले की त्या गाण्यांच्या हक्कांसाठी लागणारा पैसा चित्रपटाच्या एकूण खर्चाच्या मानाने आवाक्याबाहेरचा आहे. तेव्हा निर्माते पीटर सिम्पसन यांनी झाझा यांना त्याच ठेक्याची, त्याच वळणाची, पण नवी गाणी करायला सांगितले आणि ती सारी त्यांनी पाच दिवसांत तयार केली. मूळ गाण्यांशी त्यांचे साम्य इतके होते की पुढे एक कोटी डॉलरचा स्वामित्वहक्काचा दावा दाखल झाला आणि तो अखेर पन्नास हजारांवर मिटला.

आता यातली गंमत पाहा. नाचणाऱ्यांचे पाय एका गाण्यावर पडत आहेत आणि आपण ऐकतो दुसरेच, तरी कुठेही ठेच लागत नाही, कारण डिस्कोचा ठेका घड्याळासारखा एकसारखा चालतो आणि दर मिनिटाला पडणारे ठोके जुळवले की वरची चाल बदलता येते. हीच क्लृप्ती एखाद्या सावकाश, भावगीताच्या वळणाच्या गाण्यावर करून पाहावी; दोन कडव्यांत पितळ उघडे पडेल.

ही गाणी नक्कल म्हणून जन्मली असली तरी वाईट नाहीत. उलट, खरी गाणी असती तर प्रत्येकाला आपापली आठवण झाली असती. ही मात्र या एकाच रात्रीची आणि या एकाच शाळेची वाटतात. शेवटी श्रेयनामावलीवर येणारे संथ गाणे मी केवळ गाणे म्हणूनही ऐकतो.

ओंटारिओवासी यांचे उत्तर

मी टोरांटोच्या परिसरात राहतो, त्यामुळे या चित्रपटाबद्दल थोडी गावकी आहे असे समजा. पडद्यावरची ‘हॅमिल्टन हायस्कूल’ म्हणजे टोरांटोमधील डॉन मिल्स कॉलेजिएट इन्स्टिट्यूट, आणि सुरुवातीची ती भयाण इमारत म्हणजे जवळच्या रिचमंड हिल येथील लँगस्टाफ जेल फार्म. चित्रीकरण १९७९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकले गेले. हिशेब मांडला तर त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला होता आणि प्रेक्षकांनी मैदानात घुसून इतका धिंगाणा घातला की दुसरा सामना होऊच शकला नाही. म्हणजे कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच वारे फिरले होते, हा आपला तर्क चुकीचा नाही. पण शाळेचा नृत्यसमारंभ फॅशनच्या पुढे कधीच नसतो. तिथे गेल्या वर्षीचीच गाणी वाजतात. त्या दृष्टीने हे शिळेपण मला अस्सल वाटते.

चित्रपट असा का झाला, याचे निम्मे उत्तर मात्र आयकरात आहे. कॅनडाच्या सरकारने सत्तरच्या दशकाच्या मध्यास असा नियम केला की प्रमाणित कॅनेडियन चित्रपटात गुंतवलेली रक्कम गुंतवणूकदाराला आपल्या करपात्र उत्पन्नातून शंभर टक्के वजा करता येईल. त्याबरोबर चित्रपटाशी ज्यांचा सुतराम संबंध नव्हता अशा दंतवैद्यांचा आणि वकिलांचा पैसा या धंद्यात आला. वितरक अमेरिकी असल्याने कथा कुठल्याही अमेरिकी गावात घडावी अशी बेतायची, एखादा अमेरिकी चेहरा घ्यायचा आणि बाकी कलाकार-तंत्रज्ञ शक्य तितके स्थानिक ठेवायचे, अशी एक रीतच पडून गेली. इथे तो चेहरा जेमी ली कर्टिस यांचा होता. १९७८ च्या ‘हॅलोवीन’ने त्यांना नाव मिळवून दिले होते, आणि एखाद्या सणाच्या किंवा समारंभाच्या दिवसाभोवती खून रचायचे हा साचाही त्याच यशातून रुळला. ‘प्रॉम नाइट’नंतर लगेच, १९७९ च्याच अखेरीस, त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये आगगाडीत घडणारा आणखी एक स्लॅशरपट केला.

येथील समीक्षकांना करसवलतीच्या या पिकाची लाज वाटत असे. तरीही साधारण पंधरा लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत जवळजवळ दीड कोटीचा गल्ला जमवला आणि कॅनडाच्या जिनी चित्रपट पुरस्कारांसाठी त्याच्या संकलनाला नामांकनही मिळाले, ही नोंद इथल्या माणसाने केलीच पाहिजे.

शंकेखोर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. नाचाला माझी हरकत नाही. मला खटकतो तो पोलीस तपासाचा भाग. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेल्या त्या गुन्हेगाराचा माग काढण्यात पटकथेने बराच वेळ खर्च केला आहे आणि शेवटी त्याचा प्रॉमशी काडीचाही संबंध नाही असे निघते. संशय दुसरीकडे वळवण्यासाठी एवढा खटाटोप करायचा, तर त्या माणसाला एकदा तरी शाळेच्या दारापर्यंत आणायला हवे होते. शाळेतील सफाई कामगाराकडेही असेच उगाच बोट दाखवले आहे.

दुसरी तक्रार आई-वडिलांबद्दल आहे. लेस्ली नील्सन शाळेचे मुख्याध्यापक आणि किमचे वडील म्हणून येतात, नृत्याच्या फरशीवर मुलीबरोबर चार पावले टाकतात, आणि खरा हाहाकार उडतो तेव्हा ते आणि त्यांची पत्नी दोघेही कथेतून गायब होतात. ज्या घरातली एक मुलगी गेली त्या घराचीच ही कथा आहे, मग शेवटच्या प्रसंगी त्या घराचे कर्ते कुठे गेले? (नील्सन यांचा विमानप्रवासावरचा तो प्रसिद्ध विनोदी चित्रपट याच्या आधी दोनच आठवडे लागला होता, त्यामुळे त्यांनी गंभीर चेहरा केला की आता हसू येते, पण तो दोष या चित्रपटाचा नव्हे.)

रीळवाला यांचे उत्तर

शंकेखोर यांच्या दोन्ही तक्रारी मला मान्य आहेत. पोलीस तपासाचा भाग मी स्वतः पुढे ढकलत पाहतो. तरीही हा चित्रपट मला आवडतो, आणि त्याचे कारण त्या तासाभराच्या दिरंगाईतच आहे असे माझे मत आहे.

या प्रकारातील बहुतेक चित्रपटांत मरणारी मुले केवळ मरण्यासाठी आणलेली असतात आणि खुनी हा हाडामांसाचा माणूस नसतोच. इथे मात्र मुखवट्यामागे अ‍ॅलेक्स आहे, रॉबिनचा जुळा भाऊ, ज्याने लहानपणी ते सारे डोळ्यांनी पाहिले आणि सहा वर्षे कोणाला सांगितले नाही. ज्या चौघांना तो शोधतो ती मुलेही राक्षस नाहीत. निकला तर बोलून टाकायचे आहे, पण ज्या मुलीवर प्रेम आहे तिच्याच बहिणीच्या मृत्यूची कबुली तिला कशी द्यायची हे त्याला कळत नाही. हे सगळे मनात रुजायला वेळ लागतो आणि लिंच तो वेळ देतात. किम आणि निक यांचा तो लांबलचक नाच पाहताना, हसऱ्या चेहऱ्याने गिरक्या घेणाऱ्या या मुलाने काय लपवले आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि तिला नसते. म्हणून तो नाच मला कथेबाहेरचा वाटत नाही.

कौशल्याच्या दृष्टीने पाहायचे तर त्या चौघांपैकी वेंडीचा पाठलाग पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहावा. सुंदर, गर्विष्ठ आणि कटकारस्थानी अशी ही मुलगी प्रेक्षकांच्या सहानुभूतीला मुळीच पात्र ठरू नये अशी लिहिली आहे. मात्र समारंभाच्या पोशाखात ती एकटीच रिकाम्या शाळेतून धावू लागते तेव्हा आपण नकळत तिच्या बाजूचे होतो. ती डोके शांत ठेवते, मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळेत दबा धरून बसते, खुन्याला चकवते आणि जवळजवळ सुटते. मग जिथे लपते तिथे तिला मैत्रिणीचे प्रेत दिसते आणि तिच्या स्वतःच्या किंकाळीनेच तिचा ठावठिकाणा कळतो. मार्गिकांमधले अर्धवट दिवे, दूरचे बंद दरवाजे, आणि तिची हाक कोणाला ऐकू जाणार नाही हे गृहीतच, कारण सगळी शाळा नाचत आहे. भूमिका करणाऱ्या अ‍ॅन-मरी मार्टिन यांनी पुढे मायकल क्राइटन यांच्याबरोबर ‘ट्विस्टर’ या चक्रीवादळावरील, १९९६ च्या प्रचंड गाजलेल्या चित्रपटाची पटकथा लिहिली, हे अनेकांना ठाऊक नसते.

आणि मग तो राजाच्या प्रवेशाचा प्रसंग. निकला बांधून ठेवून त्याचा मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवलेला, वेंडीच्या कारस्थानातला साथीदार लू पडद्यामागे उभा असतो, खुनी त्याला निक समजून वार करतो, आणि झगमगत्या दिव्यांच्या मार्गिकेवरून राजाऐवजी त्याचे मुंडके घरंगळत येते. हा प्रसंग भडक आहे, थोडा हास्यास्पदही आहे, आणि चित्रपटाला ‘चीझी’, म्हणजे सवंग, म्हणणारे लोक बहुधा याच दृश्याकडे बोट दाखवतात. परंतु त्यानंतरची झटापट त्याच रंगीत प्रकाशात आणि त्याच चालू असलेल्या संगीतावर होते. सगळे पळून गेलेले असतात आणि यंत्र आपले वाजतच राहते. किम कुऱ्हाडीचा वार करते, मग त्या मुखवट्याच्या भोकांतून दिसणारे डोळे तिला ओळखीचे वाटतात, आणि त्या क्षणी कर्टिस यांचा चेहरा पाहावा. वाचल्याचा आनंद तिथे अजिबात नाही. दुसरे भावंडही गेले, आणि आपल्याच हातून गेले, एवढेच तिला कळते. या प्रकारच्या चित्रपटांत नायिकेच्या वाट्याला असा शेवट फार क्वचित येतो.

आडवाटेचा प्रेक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रीळवाला यांच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला पटला. दुसऱ्या अर्ध्याबद्दल अजून साशंक आहे, कारण ज्या चित्रपटाला त्या भावंडांची एवढी काळजी आहे त्याने अ‍ॅलेक्सला पहिल्या तासात आणखी दोन-तीन प्रसंग द्यायला हवे होते. एक अखेरचा प्रश्न : काही ठिकाणी मला दूरचित्रवाणीवरील वेगळ्या आवृत्तीचा उल्लेख आढळला. ती पाहण्यासारखी आहे का? आणि पुढचे भाग?

तबकडी

१९८१ मध्ये अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर दाखवण्यासाठी हिंसेची दृश्ये छाटण्यात आली आणि त्यामुळे कमी पडलेली लांबी भरून काढण्यासाठी चित्रपटगृहातील प्रतीत नसलेली काही दृश्ये जोडली गेली. ती जादा दृश्ये २०१४ च्या सिनॅप्स कंपनीच्या ब्लू-रे चकतीवर स्वतंत्रपणे पाहता येतात, आणि त्या चकतीवरची मूळ प्रतही जुन्या धुरकट व्हिडिओ प्रतींपेक्षा खूपच उजळ आहे. वेंडीचा पाठलाग त्या जुन्या प्रतींत निम्मा दिसतच नसे. १९८७ चा दुसरा भाग शाळेचे नाव सोडले तर संपूर्ण निराळा आहे. तो भुताचा चित्रपट आहे आणि त्याच्या तऱ्हेवाईकपणासाठी जरूर पाहावा. १९९० आणि १९९२ चे भाग वेळ असेल तरच पाहावेत. २००८ साली त्याच नावाने आलेल्या चित्रपटात रॉबिनही नाही आणि अ‍ॅलेक्सही नाही, तेव्हा तो वगळला तरी आपल्या क्रमात काही खंड पडणार नाही.